पिकअप घेतलीय, आता काय लावायचं, काय नाही आणि चिखलात कशी चालवायची

सगळ्यात आधी गाडी घेऊन वजनकाट्यावर जा, ॲक्सेसरीच्या दुकानात नंतर. आपल्या कराड, सातारा, सांगली पट्ट्यात साखर कारखान्यांमुळं वजनकाट्यांना तोटा नाही, आणि सीझन नसला की काट्यावरचा माणूस कंटाळून बसलेला असतोय, चहा पाजला तरी काम होतंय. टाकी फुल करायची, हौदा रिकामा करायचा, आधी फक्त पुढची दोन चाकं काट्यावर घेऊन पावती काढायची आणि मग अख्खी गाडी चढवून दुसरी पावती. माझ्या इसुझू व्ही-क्रॉसचं अख्खं वजन १९६० किलो आलं, त्यातलं पुढच्या चाकांवर ११५०, म्हणजे मागं उरले फक्त ८१०. इंजिन पुढं, गिअरबॉक्स पुढं, बसणारी माणसं पुढं आणि मागं नुसता पत्र्याचा हौदा. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, माल भरल्यावर बसतील असे बनवलेत, रिकाम्या गाडीत ते लाकडासारखे कडक असतात. आणि टू-व्हीलमध्ये इंजिनाचा सगळा जोर जातोय त्याच हलक्या मागच्या चाकांना. पिकअप दगा देते ती रिकामी असतानाच, आणि खाली जे काय लिहिलंय ते सगळं ह्या दोन पावत्यांवरनं आलंय.

खरं वाटत नसेल तर पहाटे पाणंदीतनं दूध नाहीतर भाजी घेऊन येणारी साधी बोलेरो पिकअप बघा. फोर बाय फोर नाही, टायर निम्मे झिजलेले, तरी गडी फुरफुर करत निघून जातोय, कारण मागं टनभर माल आहे. आपण हायलक्स, व्ही-क्रॉस, कॅम्पर फोर बाय फोर किंवा जुनी स्कॉर्पिओ गेटअवे घेऊन त्याच पाणंदीत रिकामे जातो आणि आडवे होतो.

मग पहिला खर्च किती? जवळजवळ शून्य

वाळूची दोन-तीन पोती, मिळून शंभर-सव्वाशे किलो, हौद्यात टाका. कुठं टाकता त्याला महत्त्व आहे. मागच्या दोन चाकांच्या बरोबर मध्ये, किंवा त्याच्याही थोडं पुढं केबिनकडं. फाळक्याजवळ टाकली तर वजन ॲक्सलच्या मागं लटकतंय, गाडीचं तोंड वर उचलतंय आणि स्टेअरिंग हलकं पडतंय. पट्ट्यानं घट्ट बांधा, कारण उतारावर सुटलेलं पोतं सरळ केबिनच्या मागच्या काचेवर येणार. घरात युरियाची ४५ किलोची पोती पडलेली असतात म्हणून बरेच जण तीच टाकतात, तेवढं करू नका. पोतं फाटलं, त्यात पाऊस मिसळला की खताचं पाणी पत्रा खातंय आणि पुढच्या दिवाळीला हौद्याच्या कोपऱ्यात गंज दिसतोय.

टायर

पैसे घालायचेच असतील तर पहिले टायरवर. शोरूममधनं बऱ्याच गाड्या डांबरी रस्त्याच्या टायरवर येतात, त्याला एचटी म्हणतात. एटी म्हणजे अर्धा रस्ता अर्धी माती, एमटी म्हणजे निव्वळ चिखल. रोज कराड-सातारा हायवे असेल आणि महिन्यातनं एखाद-दुसऱ्यांदा रानात जाणं असेल तर एटीच घ्या. एमटी दिसायला लय भारी, पण ८० च्या वर गेलं की केबिनमध्ये पिठाची गिरणी चालू झाल्यासारखं वाटतंय आणि ओल्या डांबरावर ब्रेक लागायला वेळ लागतोय. पसरणी घाटात पावसात ते परवडत नाही.

साईजचं गणित स्वतः करा, दुकानदारावर सोडू नका. समजा गाडीला २५५/६५ आर १७ आहेत. २५५ चे ६५ टक्के म्हणजे साधारण १६६ मिलिमीटर ही टायरची भिंत, ती दोनदा आणि १७ इंच रिमचे ४३२, मिळून चाकाची उंची होते ७६३ मिलिमीटर. आता २६५/७० टाकले तर ८०३ होते. चाळीस मिलिमीटर वाढले म्हणून खूश होऊ नका, चाकाचा मध्य अर्ध्यानंच वर जातोय, म्हणजे खालनं मिळाले वीस. बदल्यात स्पीडोमीटर ८० दाखवणार तेव्हा गाडी ८४ नं पळणार, गाडीचा उठाव मंदावणार, चाक पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासणार आणि तेवढी जाड स्टेपनी खाली बसते का तेही बघावं लागणार. २६५/६५ घेतले तर फरक दोन टक्क्यांच्या आतला आहे, मी तेच घातले. उंचीत तीन टक्क्यांच्या पुढं जाऊ नका.

माण, आटपाडी, जत भागात जाणाऱ्यांनी टायरची भिंत किती जाड आहे तेवढं नक्की विचारा. तिकडं चिखल कमी पण वेड्या बाभळीचा काटा बेकार, बाजूच्या भिंतीत घुसला तर पंक्चरवालासुद्धा हात वर करतोय. ट्यूबलेसचं पंक्चर किट, वाती (भोकात कोंबायच्या रबरी पट्ट्या) आणि पकड सीटखाली असू द्या. वात लावायची ती फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागात. भिंतीत घुसलेल्या काट्याला वात चालत नाही, तिथं स्टेपनीच.

हवा कमी करणं हे सगळ्यात स्वस्त मॉडिफिकेशन

एक चांगला गेज आणि बॅटरीला चिमटे लावून चालणारा कॉम्प्रेसर, एवढंच लागतंय. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा घेऊ नका, पिकअपच्या टायरला तो अर्धा तास घेतोय आणि फ्यूज उडवतोय. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतोय, रबर दगडाभोवती बसतंय आणि हलक्या मागच्या चाकांनासुद्धा पकड येतीय. रोडवर गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा ठेवा. कच्च्या खडीच्या रस्त्याला आणि मुरमाला २६ ते २८ पीएसआय, चिखलाला २० ते २२, वाळूला १६ ते १८. पंधराच्या खाली नको, वळताना टायर रिमवरनं सुटतोय. हौद्यात माल असेल तर मागची हवा दोन-चारनं जास्त ठेवायची. आणि कमी हवेवर तीस-चाळीसच्या वर पळवायचं नाही, डांबर लागलं की थांबून पहिल्यांदा हवा भरायची. भूक लागलीय, पुढं ढाब्यावर भरू म्हणून तसंच पळवलेले टायर आतनं शिजतात, बाहेरनं काही दिसत नाही आणि महिन्याभरानं हायवेवर फुटतात.

ओढायचं सामान, आणि माझी फजिती

तीन वर्षांपूर्वी जुलैत कराडच्या खाली कृष्णाकाठाला मामांच्या उसाकडं निघालो होतो. गाडी नवीन, फोर-हाय (चारी चाकांना जोर, वेग नेहमीचा) टाकलेलं, मनात मस्ती. ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या गुडघाभर आणि मधी वरंबा. ट्रॅक्टरचं पोट उंच, माझ्या गाडीचं नाही, पन्नास फुटात मागचा डिफरन्शियलचा गोळा (मागच्या ॲक्सलच्या मधला गिअरचा डबा) वरंब्यावर बसला आणि चारी चाकं हवेत फिरल्यासारखी फिरायला लागली. ट्रॅक्टरवाले आण्णा आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "पाव्हणं, गाडी पंचवीस लाखाची आन् दोर म्हशीचा व्हय?" दोर नायलॉनचाच होता. तो मी पुढच्या बंपरखालच्या कडीला बांधला, आण्णांनी हिसका दिला, कडी वाकली, दोर तुटला आणि त्याचं टोक येऊन हेडलाईट फुटला. तिथं माणूस उभा असता तर काय झालं असतं हे मला त्या रात्री झोपताना सुचलं.

ती कडी ओढायची नव्हतीच. बऱ्याच गाड्यांना खाली बारीक कड्या असतात त्या गाडी ट्रेलरवर बांधून नेण्यासाठी. ओढायची ती चेसिसला बोल्टनं बसवलेल्या जाड हुकातनं. मॅन्युअल उघडून बघा तुमच्या गाडीला कुठं आहे, नसेल तर चेसिसला बसणारा हुक बसवून घ्या, लाईटच्या आधी. मागं ट्रेलर जोडायच्या टो-हिचच्या गोल बॉलला तर कधीच पट्टा अडकवायचा नाही, तो तुटला की तोफेचा गोळा होतो.

आता माझ्या सीटमागच्या पिशवीत ताणला जाणारा कायनेटिक पट्टा आहे, गाडीच्या वजनाच्या तिप्पट-चौपट ताकदीचा. त्याच्याबरोबर पावणेपाच टनाचे दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या), झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा, लांब दांड्याचं फावडं, जॅकखाली ठेवायला एक फूट चौकोनी जाड फळी, चामडी हातमोजे आणि दोन गोणपाट. गोणपाट कशाला तर ओले करून ताणलेल्या पट्ट्याच्या मध्यावर टाकायचे, काही तुटलंच तर पट्टा वर न उडता खाली पडतोय. विंच, म्हणजे पुढं बसवायचा दोर गुंडाळून ओढणारा मोटरचा रहाट, मी अजून लावलेला नाही. लावणार असाल तर माल भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ताकदीचा घ्या, आणि तो नाकावर आणखी तीस-चाळीस किलो टाकणार हे काट्याच्या पावतीत धरा.

बाकीचं सामान, थोडक्यात

खालचं पान, म्हणजे स्किड प्लेट, टायरनंतर दुसऱ्या नंबरला. इंजिनाचं सम्प, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा) झाकलं पाहिजे. ऑईल बदलायला भोक ठेवलंय का बघा, नाहीतर दर सर्व्हिसला मेकॅनिक शिव्या घालणार. साईडचं शोभेचं पायदान दगडावर टेकलं की दाराच्या खालच्या पत्र्यासकट वाकतंय, पायदान पाहिजेच असेल तर चेसिसला बोल्ट केलेलं जाड पाईपचं घ्या.

लिफ्ट करायचीच असेल तर दीड इंचावर थांबा. पिकअपचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, तीन मीटरच्या वर, व्ही-क्रॉसचा ३०९५ मिलिमीटर, आणि थ्री-डोअर थारचा २४५०. त्यामुळं उंचवट्यावर थारचं पोट सुटतं तिथं आपलं टेकतं. थोडी उंची कामाला येते हे खरं, पण पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरके चालायला लागतात, रबरी बूट फाटतात, घाटात गाडी जास्त झुलते आणि हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात जातो. रिकामी गाडी उडते म्हणून पाटे वाढवणारे भेटतात, त्यांना हात जोडून सांगा की पाटा वाढवला की ती अजून उडणार. चांगले शॉकप टाका, फरक तिथनं पडतो.

कास, यवतेश्वरच्या धुक्यात छतावरचा लाईट बार लावला की समोर पांढरी चादर उभी राहते. खाली बंपरमध्ये पिवळे फॉग लॅम्प बरे, स्वतंत्र रिले आणि फ्यूजसकट. स्नॉर्केलनं, म्हणजे छतापर्यंत नेलेल्या हवेच्या नळीनं, इंजिनाचा श्वास उंच होतो, गाडी नाही. हायलक्स ७०० मिलिमीटरपर्यंत पाण्यात चालते असं टोयोटा सांगते, ती मर्यादा स्नॉर्केल लावून दीड मीटर होत नाही, आतल्या वायरिंगला कुणी विचारत नाही.

सगळं लावून झालं की परत काट्यावर जा. माझी २१५० झाली. तेवढं १९० किलो माल नेण्याच्या क्षमतेतनं कमी झालं.

आरटीओचं

एमएच-११, एमएच-५० की एमएच-१०, पासिंग कुठलंही असो, कायदा एकच. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीत मालकाला दर बदलामागं ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. बुलबारवर केंद्रानं २०१७ च्या डिसेंबरात बंदी घातली. ती योग्यच आहे, कारण लोखंडी बारमुळं पुढचा पत्रा चेपत नाही, धक्का सरळ चेसिसला जातो, एअरबॅगचा सेन्सर फसतो आणि समोरचा पायी माणूस तर संपलाच. इन्शुरन्सवाल्याला सामान कळवा. हौद्यात माणसं बसवून पठारावर न्यायची हौस अजिबात नको, ते बेकायदा आहे आणि एका हेलकाव्यात चारजण बाहेर पडतात.

चालवायचं कसं, माती बघून

आपला सातारा जिल्हा मजेशीर आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात म्हसवडला पाचशेच्या आसपास, त्यामुळं एकच सवय सगळीकडं चालत नाही.

एक नियम मात्र सगळीकडं. फोर बाय फोर अडकायच्या आधी टाकायचं, अडकल्यावर नाही. आणि कोरड्या डांबरावर काढायचं, कारण आपल्या ह्या गाड्यांना मधला डिफरन्शियल नसतोय, वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण गिअरमध्ये साठत जातो. फोर-लो टाकताना गाडी थांबवून न्यूट्रल करायची. लोमध्ये जोर साधारण अडीच पट होतो आणि वेग तेवढाच कमी.

काळी माती, म्हणजे कृष्णाकाठ, वाळवा, पलूस, मिरज. वाफसा नसेल तर जाऊच नका, हा शेतकऱ्याचा नियम गाडीलाही लागू. जाणं भागच असेल तर आधी खाली उतरून चालत जा, बूट निम्मा आत गेला तर गाडी जाणार नाही. काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि एटीचा दोन मिनिटात गुळगुळीत रूळ होतो. इथं फोर-हाय, दुसरा गिअर, वेग एकसारखा आणि चाक थोडं फिरतं ठेवायचं म्हणजे माती बाहेर फेकली जाते. चाकोऱ्या खोल असतील तर त्यात उतरायचं नाही, एक चाक वरंब्यावर आणि एक काठावर. क्षारपड, चिबड जमिनीकडं तर बघूसुद्धा नका, वरनं पांढरी कोरडी दिसते आणि खाली लोणी.

पाटण, जावळी, शिराळ्याकडं तांबडी माती आणि जांभा. पावसाळ्यात जांभ्याच्या कातळावर शेवाळ येतं, साबण लावल्यासारखं. तिथं वेग घातक, फोर-लो पहिला गिअर, पाय क्लचवरनं काढून गाडी आपोआप चालू द्यायची. उतारावर घसरायला लागली तर ब्रेक दाबून धरू नका, ब्रेक सोडा, अगदी थोडा ॲक्सिलरेटर द्या म्हणजे चाक परत फिरायला लागतं आणि स्टेअरिंग हातात येतं. पहिल्यांदा करताना जीव घशात येतोय, मलाही आला होता. चढ अर्ध्यात सुटला तर गाडी वळवायची नाही, आडवी झाली की पलटी. रिव्हर्स टाकून सरळ रेषेत खाली.

येरळा, अग्रणी, माणगंगेच्या कोरड्या पात्रात वाळू. हवा सोळावर, मोठा वर्तुळाकार वळसा, थांबताना ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्यायची, ब्रेक मारला की चाकापुढं वाळूचा ढीग होतो. वाळूउपशाचे खड्डे असतात, त्यामुळं अंधारात नाहीच.

ओढा ओलांडताना आधी काठी घेऊन चालत जायचं. तुम्हाला चालता येत नसेल तर गाडीला पण येत नाही. गढूळ आणि वेगानं वाहणारं पाणी असेल तर चहा पीत बसा, आपल्याकडचा ओढा वर पाऊस थांबला की दोन-तीन तासात उतरतो. जायचं ठरलं तर पाच मिनिटं गाडी थंड होऊ द्या. गरम ॲक्सल एकदम पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधनं पाणी ओढून घेते. मग फोर-लो, पहिला किंवा दुसरा गिअर, पुढं छोटी लाट राहील एवढाच वेग आणि मध्येच क्लच दाबायचा नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं तर किल्ली फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि बिल लाखात.

रुतलीच तर

ॲक्सिलरेटर सोडा. हे एवढं जमलं तर निम्मं काम झालं, कारण जास्तीचं एकेक मिनिट चाक फिरवून माणूस स्वतःची कबर खणतो. खाली उतरा आणि कशावर टेकलीय ते बघा. पोट टेकलं असेल तर आधी फावड्यानं पोटाखालची माती काढा, चाकापुढं उतरता चढ करा, हवा अजून तीन-चारनं कमी करा. चाकाखाली उसाचं पाचट किंवा फांद्या. आण्णांनी माझी गाडी शेवटी तशीच काढली, माती उकरून, पाचट टाकून, साखळीनं हळूहळू, हिसका न देता. पाचट वापरलं तर निघाल्यावर गाडीखाली वाकून अडकलेलं सगळं ओढून काढा. बीएस-सिक्स डिझेलचा सायलेन्सर फार तापतो, वाळलं पाचट तिथं पेटतं.

कायनेटिक पट्टा लावला तर दोन गाड्यांमध्ये दोन-तीन मीटर ढील ठेवायची, ओढणाऱ्यानं पहिल्या गिअरात हळू निघायचं, अडकलेल्यानं पण त्याच वेळी हळू ॲक्सिलरेटर द्यायचा. बाकी सगळी माणसं पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब. व्हिडिओ काढणारा पहिला हाकला.

जायचं कुठं

कास पठारावर गाडी घालायची नाही. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे, पण तो शिक्का नसलेला कुठलाही सडा (कातळाचं पठार) घ्या, वरची माती चार बोटांची असते आणि चाकाची खूण वर्षानुवर्षं जात नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प होतो, तिथं आणि सागरेश्वरला आत उतरायचा प्रश्नच नाही. चाळकेवाडी आणि गुढे-पाचगणीच्या पवनचक्क्यांचे मुरमाचे रस्ते मस्त आहेत, पण आधी विचारून. शिकायला सगळ्यात भारी जागा म्हणजे दोस्ताचं पडीक रान किंवा मालकाला विचारून बंद पडलेली खाण. निदान दोन गाड्या पाहिजेत, आणि उभ्या पिकातनं, बांधावरनं चाक न्यायचं नाही, पुढच्या वेळी ट्रॅक्टर घेऊन येणारा माणूस तोच असतोय.

घरी आल्यावर

त्याच दिवशी धुवा. वरचा रंग नंतर, आधी खालनं. चाकाच्या आतल्या बाजूला, पाट्यांच्या फटीत आणि रेडिएटरच्या जाळीत माती बसते. चाकाच्या रिममध्ये एका बाजूला चिखल वाळला की ऐंशीला स्टेअरिंग थरथरतं आणि लोक अलाइनमेंटला पाचशे रुपये घालवून येतात. ब्रेक हळू दाबत दोन किलोमीटर फिरवा म्हणजे वाळतात. पाण्यात गेला असाल तर डिफरन्शियलचा बोल्ट सैल करून थोडं ऑईल बोटावर घ्या, चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर दोन्हीकडचं ऑईल बदला आणि ब्रीदरची (ॲक्सलला हवा घेऊ देणारी) नळी उंचावर न्यायला सांगा. वाळूची पोती काढून सावलीत ठेवा, हौद्याचा तळ कोरडा करा.